काटा खाली आला आणि मी खूश झालो

मे महिना, भर दुपार, कसारा घाट. मागे सासूबाई, डिकीत हापूसच्या दोन पेट्या, एसी फुल. चढणीवर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. बायको म्हणाली, "अहो, थांबवा ना." मी म्हटलं, "एवढा घाट चढून घेऊ, मग बघू." दोन वळणांनी काटा आपोआप उतरला. "बघ, झाली गार!" इगतपुरी यायच्या आतच इंजिनाने मान टाकली.

गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उलटं करून दाखवलं. आतून दुधाच्या चहावर धरावी तशी साय. "साहेब, हेड गॅस्केट गेलं. ऑइलात पाणी शिरलंय." हेडही वाकलं होतं.

मग काटा उतरला कसा? तो इंजिनाचं नाही, सेन्सरला भिजवणाऱ्या कूलंटचं तापमान सांगतो. रेडिएटरचा वरचा पाइप क्लिपपाशी चिरला होता, पाणी वाटेत सांडलं, सेन्सर कोरडा पडला. पाच वर्षांत तो पाइप मी एकदाही दाबून पाहिला नव्हता. कूलंटच्या बाटलीत मात्र सोसायटीच्या बोअरचं क्षाराचं पाणी हौसेने ओतत होतो.

एरवी ही यंत्रणा साधी. पंप कूलंटला ब्लॉक आणि हेडमधून फिरवतो. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट अडवून धरतो. बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या आसपास तो उघडतो आणि तापलेलं कूलंट रेडिएटरमध्ये वाऱ्यावर निवतं. खरी करामत कूलंटच्या झाकणाची. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून १०० अंश ओलांडूनही कूलंट उकळत नाही. गरम गाडीचं झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तासभर थांबा, मगच हात लावा. बाटलीत कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा. ते दाट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात मिसळून.

काटा चढायला लागला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण लावा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, थोडी उष्णता तोही ओढतो. घामाघूम व्हाल, होऊ द्या, आणि जागा मिळताच गाडी कडेला घ्या. पण तापलेल्या गाडीत हीटरमधून गार वारा आला, तर आत कूलंट उरलेलं नाही असंच समजा. काटा काहीही सांगो, इंजिन तिथेच बंद करा आणि टोइंगवाल्याला फोन लावा.