मोशीचा कातळ आणि बाडमेरचा गाळ

मोशीच्या माळावर विंधन विहीर घेतली, की मुरुमाखाली काळा कातळ लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचे हे थर होत. त्यांत ना कोळसा, ना तेल. कारखान्यांनी गजबजलेल्या पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याला इंधन बाहेरूनच आणावे लागते.

राजस्थानच्या वाळवंटातील बाडमेर खोऱ्याची घडण निराळी. साधारण त्याच भूशास्त्रीय काळात तेथील जमीन खचत गेली आणि त्या खोलगट भागात नद्यांची वाळू, तळ्यांचा गाळ व वनस्पतींचे अवशेष साचत राहिले. गाळातील सेंद्रिय द्रव्याचे तेल झाले व ते सच्छिद्र वालुकाश्मात साठले. वनस्पतींचे लिग्नाइट बनले. २००४ मध्ये तेथे मंगला तेलक्षेत्र सापडले आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये उत्पादन सुरू झाले. हे तेल मेणचट असून थंड होताच थिजते. म्हणून गुजरात किनाऱ्यापर्यंतची सहाशे किलोमीटरांहून लांब नळवाहिनी वाटभर तापती ठेवावी लागते! कपूरडी व जालिपा येथील लिग्नाइटवर भादरेसला १,०८० मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र उभे राहिले. मात्र लिग्नाइटमध्ये पाण्याचा अंश मोठा. बरीचशी उष्णता ते पाणी उडविण्यातच खर्ची पडते.

नेमकी हीच अडचण मोशीलाही भेडसावते. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या या गावच्या कचरा डेपोवर १४ मेगावॅट क्षमतेच्या वीजप्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. वर्षाकाठी सुमारे अडीच लाख टन, म्हणजे दिवसाला सातशे टनांच्या आसपास कचरा त्यात वापरण्याची योजना आहे. पूर्ण क्षमतेने चालल्यास त्यातून दररोज ३ लाख ३६ हजार युनिट वीज निघू शकते. टनामागे पाचशे युनिटांहून किंचित कमी. परंतु एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. भाजीपाल्याची देठे, उष्टे-खरकटे प्लॅस्टिक-कागदात मिसळले, की भट्टीतील उष्णतेला तेवढी गळती लागते.

यासाठी कचऱ्याची वर्गवारी डेपोवर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर व्हावयास हवी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ती बंधनकारकही केली. चाकण परिसरातील वाढत्या गावांच्या ग्रामपंचायतींना भट्टी परवडणारी नाही, पण तिची त्यांना गरजही नाही. ओल्या कचऱ्याला गोबरगॅसच्या धर्तीवरील संयंत्र पुरते. तेथे पाणी अडचण ठरत नाही. उलट ते वरून घालावे लागते, आणि उरलेली मळी शेतात जाते.