वाद्यांना एक भाषा देणारा कारागीर

सतारीची तार छेडली म्हणजे ती कंप पावते, भोवतालच्या हवेस कंपित करते आणि तो कंप कानी पडला म्हणजे त्यास आपण स्वर म्हणतो. पेटीत हेच कार्य भात्याच्या वाऱ्याने थरथरणारी पितळेची बारीक पत्ती करते. इलेक्ट्रॉनिक वाद्यात मात्र ना तार असते, ना पत्ती. तेथे विजेच्या प्रवाहातच आंदोलने निर्माण करतात, त्यांना हवा तसा आकार देतात आणि अखेरीस लाऊडस्पीकरच्या पडद्याकडून ती हवेत सोडवितात. अशी वाद्ये रचणाऱ्याच्या अंगी पदार्थविज्ञानाचे ज्ञान, कारागिराचा हात आणि रसिकाचा कान यांचा संगम व्हावा लागतो. या तिन्हींच्या जोडीला उदार मनही असले तर काय घडते, हे जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या चरित्रावरून दिसून येते.

काकेहाशी यांचा जन्म १९३० साली ओसाका येथे झाला. ते अवघे दोन वर्षांचे असताना क्षयाने त्यांचे मातृपितृछत्र हरपले आणि आजीआजोबांनी त्यांचा सांभाळ केला. महायुद्धानंतर प्रकृतीच्या कारणामुळे विश्वविद्यालयाचे द्वार त्यांना बंद झाले. तेव्हा हा तरुण क्यूशू बेटावर गेला आणि १९४७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने घड्याळदुरुस्तीचे दुकान थाटले. घड्याळांमागून रेडिओ आले. पुढे शिक्षणाच्या ओढीने ते ओसाकास परतले. परंतु आईबापांना नेणाऱ्या रोगानेच त्यांनाही गाठले. सुमारे तीन वर्षे रुग्णालयात गेली. स्ट्रेप्टोमायसिन या त्या काळी नव्या असलेल्या औषधाचा प्रयोग त्यांच्यावर झाला आणि ते वाचले.

१९५४ साली त्यांनी विजेच्या उपकरणांचे दुकान काढले आणि फावल्या वेळी वाद्ये घडविण्यास आरंभ केला. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. म्हणूनच की काय, वाद्य आटोपशीर, स्वस्त आणि नवशिक्यासही वाजविता येण्याजोगे असावे, हा त्यांचा आग्रह राहिला. १९६० साली त्यांनी एस इलेक्ट्रॉनिक ही कंपनी काढली आणि १९७२ साली रोलँड. विद्युत्‌मंडलातून ताल निर्माण करणारी यंत्रे ही त्यांची खासियत होती. १९८० सालचे 'टीआर-८०८' हे त्यांपैकी एक. त्याचा ठेका खऱ्या ढोलासारखा वाटत नाही म्हणून अनेकांनी नाके मुरडली आणि सुमारे १२,००० यंत्रांनंतर त्याचे उत्पादन थांबले. पण जुन्या बाजारात ते स्वस्त झाले, तेव्हा अमेरिकेतील तरुण वादकांनी त्याच आवाजावर नवे संगीत उभारले!

तथापि त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे एखादे वाद्य नव्हे. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचे वाद्य आपलीच भाषा बोलत असे. एकाचे वाद्य दुसऱ्याच्या वाद्यास जोडता येत नसे. यात कंपन्यांचा स्वार्थ होता, कारण एकदा आलेले गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे जाऊ शकत नसे. काकेहाशी यांनी १९८१ साली प्रतिस्पर्ध्यांपुढेच समान भाषेचा प्रस्ताव मांडला. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांनी तो उचलून धरला. यामाहा, कॉर्ग, कावाई या जपानी कंपन्याही सामील झाल्या. जानेवारी १९८३ मध्ये एका अमेरिकन प्रदर्शनात स्मिथ यांचे 'प्रॉफेट-६००' आणि रोलँडचे 'ज्युपिटर-६' ही वाद्ये तारेने जोडण्यात आली. एक वाजविताच दुसरेही बोलू लागले!

या भाषेचे नाव मिडी. तिच्यातून ध्वनी जात नाही, जातो केवळ निरोप : कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. प्रत्येक पट्टीस ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो आणि एकाच तारेतून १६ निरनिराळ्या वाद्यांना निरोप धाडता येतात. पंडित भातखंडे यांची स्वरलिपी स्वतः गात नाही, ती वाचणारा गातो. मिडीचेही तसेच आहे. निरोप एकच, पण तो वाचणारे वाद्य बासरीचा आवाज काढील वा व्हायोलिनचा.

विशेष हे की, या भाषेच्या वापराबद्दल कोणाकडूनही स्वामित्वशुल्क घ्यावयाचे नाही असे ठरले. त्यामुळे लहानमोठ्या सर्वच कारखानदारांनी ती स्वीकारली. २०१३ साली काकेहाशी व स्मिथ यांस ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. २०१७ साली काकेहाशी निवर्तले. २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती मान्य झाली, तीही जुन्या वाद्यांशी नाते न तोडता.

विद्यार्थी मित्रहो, जपानी भाषेत 'काकेहाशी' या उच्चाराचा एक अर्थ पूल असा होतो. विज्ञानाचा अभ्यास करून तुमच्यापैकी कोणी उद्या नवे वाद्य, नवे यंत्र घडवील. ते उत्तम असावेच. पण शेजाऱ्याच्या यंत्राशी त्यास बोलता यावे, हीही काळजी त्याने घ्यावी. आपल्या विद्येभोवती कुंपण घालणारे पुष्कळ असतात. पूल बांधणारा विरळा.