डावांचा समतोल आणि पुनरुक्ती
(अमेरिकन फुटबॉलच्या व्यवस्थापन-खेळाचा एक अभ्यास)

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा खेळ उभा राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो, तो बहुधा हातात घेऊन धावतात किंवा फेकतात, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो व दोन्ही बाजू आपला बेत ठरवितात. या बेतास मी 'डाव' म्हणतो. क्रिकेटमधल्या नव्हे, कुस्तीतल्या अर्थाने.

व्यवस्थापन-खेळात आपण धावत नाही, फक्त डाव सांगतो. १९६८ साली निघालेल्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक फुटबॉल'मध्ये हे पत्ते आणि फासे यांवर चाले. बचाव करणारा धाव येणार की पास हे ओळखू पाहतो. ओळख बरोबर ठरली तर एक रकाना, चुकली तर दुसरा. पुढे हाच विचार संगणकावर आला.

नवशिका खेळाडू काय करतो? ज्या डावाने एकदा वीस यार्ड मिळाले तोच पुन्हा पुन्हा लावतो. तालमीत हे कोणाला शिकवावे लागत नाही : जो मल्ल दरवेळी धोबीपछाडच मारू पाहतो, त्याला समोरचा हातच देत नाही. मग कोणी सुचविते, निम्म्या धावा, निम्मे पास ठेवा. पण याला समतोल म्हणता येईल काय?

सोयीसाठी काही आकडे धरू. बचावाने धाव ओळखली तर धावेस २ यार्ड, न ओळखली तर ६. पास ओळखला तर ३, न ओळखला तर ९. धाव-पास-धाव-पास असा ठरलेला क्रम ठेवला, तर प्रतिस्पर्धी तो ओळखून सरासरी अडीच यार्डांवर रोखील. क्रम न ठेवता निम्मे-निम्मे केले, तर पासाकडेच लक्ष देऊन साडेचारवर रोखील. मात्र दहांत सहा धावा व चार पास बेभरवशाने लावले, तर त्याने काहीही ओळखले तरी आपली सरासरी ४.८ राहते. अशा मिश्रणाचा सिद्धांत जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली मांडला.

याच गणितात एक गंमत आहे. आपला पास सुधारला आणि न ओळखलेल्या पासाचे ९ ऐवजी १४ यार्ड झाले असे धरा. आता पास वाढवावेत असे वाटेल. पण हिशेब पंधरांत अकरा धावा सांगतो! कारण प्रतिस्पर्धी पासाच्या धास्तीने धाव मोकळी सोडतो. सरासरीही ५.२ होते. हे उत्तर मी तीनदा पडताळून पाहिले.

काही संगणकीय खेळांत एकच डाव अधिक वेळा लावला की त्याचे फळ आपोआप घटते. हा उपाय मला ढोबळ वाटतो. त्यामुळे खेळाडू नावे बदलून डाव फिरवीत राहतो, विचार करीत नाही. शिवाय खऱ्या मैदानात डाव केवळ मोजणीने ओळखला जात नाही.

१ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोल सामन्यात सिॲटल संघ २४-२८ असा मागे होता. २६ सेकंद उरलेले, रेषा एका यार्डावर. जवळ मार्शॉन लिंचसारखा धावणारा असताना सिॲटलने पास लावला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो मध्येच पकडला आणि सामना गेला. पास लावणे हा मूर्खपणा, अशी टीका झाली. मला ती पटत नाही. तेथे नेहमी धावच येते असे ठरले तर धाव अडविणे सोपे होईल. घडले ते निराळेच : न्यू इंग्लंडने त्या डावाचा सराव केला होता, सरावात बटलर त्यात फसलाही होता, आणि सामन्यात त्याने खेळाडूंच्या मांडणीवरून तो ओळखला.

तेव्हा आपल्या डावांची वही ठेवणाऱ्याने धाव व पास एवढे दोनच रकाने आखू नयेत. प्रत्येक मांडणीस स्वतंत्र पान द्यावे, आणि त्या मांडणीतून किती वेळा काय निघाले हे तेथे लिहावे. ज्या पानावर एकच डाव दिसेल, ते पान प्रतिस्पर्ध्याने आधीच वाचलेले असते.