गाडीस दुसरी ट्रान्सफर केस : लाभ किती व भार किती

गेल्या हंगामात आल्याचे पैसे हाती आले, तेव्हा आमच्या पुतण्याने आमच्यापुढे एक प्रश्न ठेविला. आमची जमीन सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात असून शेताकडे जाणाऱ्या वाटेचा शेवटचा अर्धा मैल चढाचा व दगडगोट्यांचा आहे. घरी लिलावात घेतलेली एक जुनी जीप आहे, व तिच्या चारही चाकांस ओढ देता येते. पुतण्या म्हणाला, ‘‘तात्या, अमेरिकेत लोक अशा गाडीला एकामागे एक दोन ट्रान्सफर केस जोडतात आणि खडकांवरून गाडी चढवितात. आपणही जोडू. तुम्ही हिशेबाचे माणूस, तेवढा हिशेब करून द्या.’’ ह्या कामी आल्याच्या पैशांतील मोठा भाग जाणार होता, आणि त्याच पैशांतून विहिरीची दुरुस्ती व पुढील बेणे व्हावयाचे होते. यास्तव प्रश्न हसण्यावारी न नेता आम्ही महिना-दीड महिना ह्या यंत्राची माहिती मिळविली व हिशेब मांडला. तो इतर शेतकरी बंधूंसही उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे देत आहोत.

ट्रान्सफर केस म्हणजे काय

गिअरबॉक्समधून निघालेली गती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही ॲक्सलांकडे वाटून देणारी जी दातेरी चक्रांची पेटी, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. वाटणीशिवाय तिचे आणखी एक काम आहे. तिच्यात ‘हाय’ व ‘लो’ अशा दोन जागा असतात. हायमध्ये गती जशीच्या तशी पुढे जाते. लोमध्ये ती घटते व त्याच प्रमाणात पिळण्याचा जोर वाढतो. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांस हे नवीन नाही. आठ पुढचे व दोन मागचे गिअर असलेल्या ट्रॅक्टरात मूळचे गिअर चार व एक एवढेच असतात. हाय-लोच्या लिव्हरने त्यांचे दुप्पट होतात.

येथे एक गोष्ट मनात पक्की धरली पाहिजे. गिअर नवीन शक्ती उत्पन्न करीत नाही. दोन कप्प्यांतून दोर घेतला असता तुळई निम्म्या जोराने उचलते, परंतु दोर दुप्पट ओढावा लागतो. गिअरचाही व्यवहार असाच रोखीचा आहे : जितका जोर घ्यावा तितकी गती मोजून द्यावी.

गुणोत्तर कसे काढावे

गिअरबॉक्सचा पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो आणि ॲक्सलातील क्राउन-पिनियन, ह्या तिहींच्या गुणोत्तरांचा गुणाकार करावा. चाकाच्या एका फेऱ्यास इंजिन किती फेरे घेते, हे त्यावरून कळते.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस कंपनीच्या ‘एमबी’ जीपचे आकडे २.६६५, १.९७ व ४.८८ असे होते. गुणाकार सुमारे २५.६ येतो. १९४५ साली त्याच कंपनीने ‘सीजे-२ए’ नावाची जीप काढून शेतकऱ्यांस विकावयास आरंभ केला. तिचे आकडे २.७९८, २.४६ व ५.३८ असे असून गुणाकार ३७ होतो. म्हणजे शेतावरच्या कामाकरिता गाडी अधिक सावकाश चालली पाहिजे, हे कारखान्याने स्वतःच ओळखिले होते.

आता त्रैराशिक मांडू. ह्या जीपचे टायर सुमारे २८ इंच उंचीचे, म्हणजे घेर सुमारे ७ फूट ४ इंच. इंजिन मिनिटास १,००० फेरे घेत असता चाकाचे २७ फेरे होतात व गाडी मिनिटास १९८ फूट चालते. आमच्या जुन्या खात्याच्या भाषेत सांगावयाचे तर ३३ फुटांच्या सहा साखळ्या. तिच्यामागे तेवढ्याच गुणोत्तराची दुसरी पेटी जोडता आली तर मिनिटास अडीच साखळ्यांहूनही थोडे कमीच अंतर कापले जाईल. नांगराचे बैलही ह्याहून भरभर चालतात.

दोन पेट्या कशा जोडतात

‘जोडता आली तर’ असे म्हणण्यास कारण आहे. वरील जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये गती एका रेषेत आत शिरते व बाजूला आणि खाली सरकून बाहेर पडते. त्यामुळे तिच्यामागे दुसरी पेटी सरळ रेषेत बसत नाही. ह्या कामास सोयीची ठरली ती टोयोटा कंपनीची ट्रान्सफर केस. १९७९ ते १९९५ ह्या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या तिच्या चार सिलिंडरांच्या, चारही चाकांस ओढ देणाऱ्या लहान मालगाड्यांत ती सापडते. तिच्यात आत येणारा शाफ्ट व मागच्या ॲक्सलाकडे जाणारा शाफ्ट एकाच रेषेत आहेत. शिवाय गती घटविणारा पुढचा भाग व चारही चाकांस ओढ देणारा मागचा भाग एकमेकांपासून सुटे होतात.

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत ‘रुबिकॉन’ नावाची प्रसिद्ध खडकाळ वाट आहे. तशा वाटांवर गाडी चालविण्याची हौस असलेल्या लोकांत पुढील कृती रूढ झाली. मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीची ट्रान्सफर केस घ्यावयाची, तिचा गती घटविणारा पुढचा भाग तेवढा ठेवावयाचा, तो गिअरबॉक्सच्या मागे बसवावयाचा, आणि मध्ये जोडपट्टी व दाते जुळणारा शाफ्ट घालून त्याच्यामागे मूळची संपूर्ण ट्रान्सफर केस लावावयाची.

वाचताना हे सोपे वाटते. परंतु जोडपट्टीचे मध्य केसभर चुकले तरी बेअरिंगे ओरडू लागतात व लवकरच निकामी होतात. मागची पेटी सुमारे सहा ते सात इंच मागे सरकते. म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड व पुढचा लांब करून घ्यावा लागतो, आणि पेटीस आधार देणारी चासीची आडवी पट्टी हलवावी लागते. मागचा शाफ्ट आखूड झाल्याने त्याचा कल वाढतो व त्याचे क्रॉस लवकर झिजतात. दुसऱ्या लिव्हरीकरिता तळाचा पत्रा कापावा लागतो, आणि दोन्ही पेट्यांतील तेलाची पातळी निरनिराळी तपासावी लागते.

खरा लाभ कोणता

ह्या जातीच्या पाच गिअरांच्या एका गाडीचे आकडे ३.९५, २.२८ व ४.१० असे आहेत. एका पेटीने गुणाकार ३७ येतो, दोन पेट्यांनी ८४. पुतण्याचे म्हणणे असे की, जोर दुपटीहून अधिक झाला, तेव्हा गाडीही दुपटीने ओढील. येथेच चूक आहे.

इंजिनाचा पिळण्याचा जोर जास्तीत जास्त १९ किलोग्रॅम-मीटर धरू. टायरची त्रिज्या ३९ सेंटिमीटर व भरलेल्या गाडीचे वजन १,८०० किलो धरू. एका पेटीने चाकांच्या कडेशी १९ × ३७ ÷ ०.३९ म्हणजे सुमारे १,८०० किलोंची ओढ येते. घर्षणात काही भाग गेला तरी १,५०० किलो उरते. आता जमीन किती ओढ घेऊ शकते ते पाहू. कोरड्या खडकावर टायरची पकड वजनाच्या आठ दशांश धरली तर १,४४० किलो. ओल्या चिकणमातीत ती निम्म्याहूनही कमी. म्हणजे एकच पेटी असतानाही इंजिनाची ओढ जमिनीच्या पकडीपेक्षा अधिक होते. दोन पेट्यांनी हिशेबात ४,००० किलो आले तरी टायर जागच्या जागी फिरण्यापलीकडे काही होणार नाही. चिखलात रुतलेल्या गाडीस दुसरी पेटी बाहेर काढील ही आशा व्यर्थ आहे. तेथे चांगले टायर हवेत, किंवा बाहेरून ओढणारे कोणी हवे.

मग लोक एवढा खटाटोप का करतात? सावकाशपणासाठी. एका पेटीने सर्व जोर वापरावयाचा तर इंजिन मिनिटास २,८०० फेऱ्यांच्या आसपास न्यावे लागते, व तेव्हा ३१ इंची टायरांची गाडी ताशी ११ किलोमीटर धावते. मोठ्या धोंड्यांवरून हा वेग घातक आहे. दोन पेट्या असता इंजिन १,००० फेऱ्यांवर ठेवून गाडी ताशी पावणेदोन किलोमीटरने चालते. क्लच घसरावा लागत नाही, आणि उतारावर ब्रेकचे बरेचसे काम इंजिनच करिते. शिवाय पुढची पेटी लोमध्ये व मागची हायमध्ये ठेविली असता केवळ मागच्या दोन चाकांवरही सावकाश चालता येते. ट्रॉली मागे घेताना ही सोय मोलाची आहे. हे लाभ खरे आहेत, ते नाकारून चालणार नाही. २००३ साली निघालेल्या ‘जीप रँग्लर रुबिकॉन’ ह्या गाडीत कारखान्यानेच एका पेटीत ४ हे गुणोत्तर दिले, तेही ह्याच कारणाकरिता.

भार व धोके

पहिला भार पुढील भागांवर पडतो. चाक दोन धोंड्यांत अडकले तर ते घसरू शकत नाही. अशा वेळी वाढलेला सर्व जोर शाफ्ट, क्रॉस व क्राउन-पिनियन ह्यांवर येतो, व जे सर्वांत दुबळे ते तुटते. दोन्ही पेट्या लोमध्ये असता गाडी अडल्यास इंजिन कधीही जोराने फिरवू नये.

दुसरा धोका क्लचचा. दोन्ही लो लावून उतारावर क्लच दाबून गाडी सोडली व ती ताशी २० किलोमीटरपर्यंत गेली, तर चाके क्लचची तबकडी मिनिटास ११,००० हून अधिक फेऱ्यांनी फिरवितात. एवढ्या वेगास ती फुटून तिचे तुकडे उडू शकतात. उतारावर क्लचवर पाय ठेवावयाचा नाही, हा नियम चालविणाऱ्याने पाठच केला पाहिजे.

तिसरा धोका आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. नोकरीत असताना एकदा पंचनाम्यास गेलो होतो. हॅण्डब्रेक सैल म्हणून ड्रायव्हरने जीप पहिल्या गिअरमध्ये टाकून उतारावर उभी केली. पण ट्रान्सफर केसची लिव्हर मधल्या जागी, न्यूट्रलवर, राहिली होती. ती तेथे असता गिअर लावलेला असो वा नसो, चाकांचा इंजिनाशी संबंध उरत नाही. आम्ही बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होतो. जीप हातांखालून निघाली ती थेट खळ्याच्या दिशेने. खळ्यावर बायका व पोरे बसली होती. मध्ये दगडी बांध होता, त्याला अडकून ती थांबली. आमचे हात पुढे दोन दिवस लिहावयास स्थिर नव्हते. एका लिव्हरीने एवढे केले. दोन पेट्यांत असे न्यूट्रल दोन असतात. म्हणून हॅण्डब्रेक निर्दोष असल्यावाचून व चाकामागे दगड लावल्यावाचून अशी गाडी उतारावर सोडू नये.

कागदपत्रांची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीतील व निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. तेव्हा पत्र्यास कटर लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी व उत्तर लेखीच घ्यावे. अपघात झाल्यास विम्याचा दावाही ह्याच मुद्द्यावर अडू शकतो. सात-बाऱ्यावरील एक चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यास किती खेटे घालावे लागतात हे वाचकांस सांगणे नलगे.

आमच्या घरचा निकाल

हिशेब झाल्यावर आम्ही पुतण्यास म्हटले, ‘‘आधी आहे ती पेटी काय करिते ते पाहू.’’ जीप तपासली, तेव्हा पुढच्या चाकांचे हब लागतच नव्हते. म्हणजे इतके दिवस गाडी दोनच चाकांवर चढत होती. मागचे टायर गुळगुळीत, हॅण्डब्रेक नावाला. हब दुरुस्त केले, टायर बदलले, ब्रेक नीट केला. वाटेवरील दोन घळी दगडांनी भरून पाण्यास बाजूने चर काढून दिला. आता भरलेली जीप जुन्या लोवर, पहिल्या गिअरमध्ये, क्लच न घसरता शेतापर्यंत जाते. विहिरीचे कामही झाले.

पुतण्याची हौस अजून गेलेली नाही, आणि हौसेस आम्ही नावे ठेवीत नाही. पुढेमागे त्याने दुसरी पेटी बसविलीच तर ती कशाकरिता बसविली हे त्याला ठाऊक असेल, एवढे आम्हांस पुरे आहे. ज्या शेतकरी बंधूंच्या मनात असा बेत असेल, त्यांनी प्रथम आपल्या गाडीचे तिन्ही आकडे काढून गुणाकार करावा, चारही चाके खरोखर ओढतात की नाही हे पाहावे, आणि मगच लेथवाल्याकडे जावे. कोणी असे काम प्रत्यक्ष केले असल्यास त्यांनी आपला अनुभव, विशेषतः काय तुटले व केव्हा तुटले, हे मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावे.