आधी पाणी बंद करा

गेल्या डिसेंबरातला रविवार. आम्ही निगडीला राहतो. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे गोधड्या धुवायच्या तर सुट्टी आणि पाण्याची पाळी एकाच दिवशी यावी लागते. त्या रविवारी ती आली. भोगीच्या आधी सगळ्या गोधड्या स्वच्छ करून ठेवू म्हणून मी सकाळी साडेसहालाच चार गोधड्या मोरीत भिजत घातल्या.

गोधडी भिजली की तिचं वजन काय होतं, ते धुणारीलाच ठाऊक. पायाने तुडवली, ब्रश मारला, मग एक टोक सासूबाईंनी धरलं, दुसरं मी, आणि पीळ द्यायला लागलो. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली होती. तिसऱ्या गोधडीला सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझी अंगठी कुठंय?"

त्यांच्या आईची अंगठी ती. लग्नात त्यांनी माझ्या बोटात घातलेली, साडेतीन ग्रॅमची, वरची वेलाची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली. उन्हाळ्यात काढायची तर साबण लावावा लागे. थंडीत मात्र तीच अंगठी बोटात सहज गोल फिरायची, आणि ते मला माहीत होतं. गारठ्याने बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोट बारीक होतं. त्यात साबणाचं पाणी आणि पीळ देताना बसणारी ओढ. अंगठी कधी गेली, ते बधिर बोटांना कळलंच नाही.

मला सगळ्यात लागतं ते हे की मी चाकणच्या बाजूला, म्हाळुंग्याला कामाला आहे. लाइनवर उभं राहण्याआधी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून लॉकरमध्ये ठेवायचं, हा आमच्याकडे नियम आहे. अंगठी मशिनमध्ये अडकली तर बोट जातं. रोज सकाळी न चुकता काढते. घरी मात्र काढायचं सुचलं नाही, कारण घरकामाला आपण काम धरत नाही.

तरीही अंगठी निसटली तेव्हा ती हरवली नव्हती. ती हरवली पुढच्या दहा मिनिटांत, आणि ती माझ्या हाताने. फरशीवर फेस होता, काही दिसत नव्हतं. फेस गेला की दिसेल म्हणून मी नळ पूर्ण सोडला आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. मग शेजारच्या दादांनी तार आणून मोरीच्या भोकात घातली. कुणीतरी कंपनीतलं मोठं चुंबक दोरीला बांधून आणलं. त्यांचा जीव तळमळत होता हे खरं, पण सोनं चुंबकाला चिकटत नाही.

प्लंबर दुपारी आला. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, म्हणजे खोलगट भांडं. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. त्याने ते भांडं मगाने उपसलं. केसांचा गुंता, शाम्पूची पुडी, टूथपेस्टचं झाकण, साबणाचा गाळ. अंगठी नव्हती. तो म्हणाला, "ताई, सोनं जड असतं, तळाला बसून राहतं. पाणी सोडलं नसतं तर इथंच मिळाली असती." बावीस कॅरेट सोनं पाण्याच्या सतरापटीहून जड असतं. सावकाश वाहणाऱ्या पाण्याने ते हलत नाही, पण मी लोंढा सोडला होता आणि वर तारही घातली होती. खालचं चेंबर दोन दिवस चाळलं. नाही सापडली.

म्हणून सांगते. थंडीत गोधड्या, स्वेटर धुताना, बाजरीचं पीठ मळताना, भोगीच्या भाजीसाठी पावटे सोलताना अंगठी आधी काढा आणि तिची जागा ठरवून टाका. खिशात किंवा पदराच्या गाठीत नको. सैल होत असेल तर सोनाराकडून माप कमी करून घ्या. कानातल्याची फिरकीही याच दिवसांत स्वेटर काढताना लोकरीत अडकून निघते, तीही बघा.

आणि निसटलीच तर आधी नळ बंद. भोकावर फडकं ठेवा. कपडे झटकू नका, एकेक शिवण चाचपा. गोधडीच्या ठिगळात वस्तू अडकून राहते. सिंकमध्ये गेली असेल तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप फिरवून काढा. वॉशिंग मशिनमध्ये गेली असेल तर दाराच्या रबराची घडी आणि खालचा फिल्टर बघा. भाजीच्या सालांत गेल्याची शंका असेल, तर त्या दिवशी ओला कचरा घंटागाडीत देऊ नका. मोशीच्या डेपोत गेलेलं परत मिळत नाही.

दागिन्याचा फोटो आणि बिल जपून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना विकताना त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असावाच लागतो. तो लिहून ठेवा. कुणाला दागिना सापडला तर तो तुमचाच हे सांगता येतं. माझ्या अंगठीवर असलं काही नव्हतं, फोटोही एका हळदीकुंकवातला, तोही अर्धवट.

सासूबाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. आईची ती एकच वस्तू त्यांच्याकडे होती.

एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी मी पाणी ओतत बसले, कारण मोरीची जाळी निघतच नव्हती. अकरा वर्षांत आम्ही ती कधी उचललीच नव्हती, गंजून बसली होती. प्लंबरला छिन्नी मारावी लागली. आज घरी गेलात की तुमच्या मोरीची जाळी एकदा उचलून बघा, निघते का.