फोल्डरच्या तारखा सांभाळा

बुऱ्हाणपुरात छपाईचं दुकान चालवायचं म्हणजे मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा सगळ्या पत्रिका एकाच टेबलावर. आमच्या दुकानातल्या विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक घराचं वेगळं फोल्डर होतं. वर आडनाव आणि गाव, आत पेजमेकर आणि कोरलच्या फाइल्स. "मोठीच्या लग्नात छापली होती तशीच करा" असं गिऱ्हाईक म्हणालं, की आम्ही फोल्डरची तारीख बघून काम शोधायचो. फाइलच्या तारखेवर विसंबता येत नाही. जुनीच पत्रिका उघडून नावं बदलली आणि सेव्ह केली, की तिची तारीख बदलते. फोल्डर कधी तयार झालं, ती तारीख मात्र त्या घरचं पहिलं काम कधी आलं ते सांगते.

नवा कॉम्प्युटर बसवणाऱ्यानं नेटवर्कवरून सगळी फोल्डरं उचलून नव्या डिस्कवर टाकली. फाइल्स उघडत होत्या, छपाई होत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. लग्नसराईत शोधाशोध सुरू झाली तेव्हा दिसलं, की वर्षानुवर्षांच्या सगळ्या फोल्डरांवर एकच दिवस पडला आहे.

साध्या कॉपी-पेस्टमध्ये फाइल शेवटची बदलल्याची तारीख सोबत येते, पण फोल्डर नव्या डिस्कवर नव्यानंच तयार होतं आणि आजची तारीख घेतं. विंडोज त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. जुनं मशीन भंगारात गेलेलं नव्हतं, म्हणून आमचं निभावलं.

तुमच्याकडे अशी बदली व्हायची असेल, तर आधी जुन्या मशीनचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर ते भलतंच साल दाखवतं, आणि त्या काळात बनलेल्या फोल्डरांच्या तारखा मुळातच खोट्या असतात. फोल्डरं उघडून चित्रं बघत बसू नका. थंबनेल दाखवताना एक्सपी आत एक लपलेली फाइल बनवतं आणि फोल्डर बदलल्याची तारीख तिथेच पुढे सरकते. तारखांची यादी कमांडनं काढून पेनड्राइव्हवर ठेवा. पुढे ताळा करायला तीच उपयोगी पडते.

कॉपीसाठी विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी वापरा, आणि ती नव्या कॉम्प्युटरवरून चालवा. कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायची: कुठून, कुठे, मग /ई आणि /डीकॉपी:डीएटी. यातला शेवटचा 'टी' फोल्डरच्या तारखा आणतो. तो सांगितला नाही तर रोबोकॉपीसुद्धा त्या सोडून देते. सोबत /आर:1 /डब्ल्यू:1 जरूर द्या. नाही तर एखादी फाइल वाचता आली नाही, की रोबोकॉपी दर 30 सेकंदांनी, तब्बल 10 लाख वेळा, पुन्हा प्रयत्न करते. जुन्या डिस्कवर ते काम तिथेच अडकलं म्हणून समजा. /एमआयआर मात्र टाकू नका, ते नव्या जागेवरच्या जास्तीच्या फाइल्स पुसून टाकतं. कॉपी नेहमी रिकाम्या फोल्डरात करा. मधल्या दिवसांत झालेली नवी कामं वेगळी ठेवा.

विंडोज 10 किंवा 11 ला एक्सपीचं मशीन बहुधा नेटवर्कवर दिसतच नाही. एक्सपी ज्या जुन्या एसएमबी 1 पद्धतीनं बोलतं, ती नव्या विंडोजमध्ये बंद ठेवलेली असते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस याच पद्धतीतल्या भोकातून जगभर पसरला. ती चालू करायची वेळ आलीच, तर इंटरनेटची वायर काढा आणि काम संपताच पुन्हा बंद करा. मला विचाराल तर जुनी हार्डडिस्क काढून यूएसबी अडॅप्टरनं नव्या मशीनला जोडणं बरं. मात्र तिथेही माऊसनं ओढू नका, रोबोकॉपीच लावा.

आणि यादीशी ताळा जुळेपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, भंगारवाल्याला तर देऊच नका. गेलेल्या तारखा परत मिळतील त्या फक्त तिच्यावरूनच.