साठापत्रकातील रूपदोष : लक्षणे, निदान व उपचार

वरठीतील लहान औषधालय असो वा नागपूरचा घाऊक विक्रेता, औषधसाठ्याची नोंद एक्सेल पत्रकात ठेवणे सोयीचे असते. मात्र चौकटीत जे दिसते आणि जे प्रत्यक्ष साठवलेले असते, त्या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद ध्यानी घेतल्यास पुढील दोषांचे निदान सुलभ होते.

१) चौकटीत ##### दिसणे : बहुधा स्तंभ अरुंद असतो. रुंदी वाढवावी, मूळ नोंद शाबूत असते.

२) बारकोड ८.९०ई+१२ असा दिसणे : तेरा अंकी संख्या संक्षेपाने दाखवली जाते. 'फॉरमॅट सेल्स'मध्ये 'नंबर' निवडून दशांशस्थाने शून्य करावीत. हाही दोष केवळ दिसण्यातला आहे.

३) बॅच क्रमांक बदलणे : ००७ लिहिल्यास ७ उरतो; ३-५ लिहिल्यास ३ मे ही तारीख होते. येथे मूळ नोंदच पालटते. मागाहून 'टेक्स्ट' रूप दिले तरी शून्ये परतत नाहीत आणि तारखेच्या जागी ४५७८० सारखा आकडा येतो. कारण एक्सेल तारीख ही १ जानेवारी १९०० पासूनची दिवसगणना म्हणून साठवते. यास्तव नोंदीपूर्वीच स्तंभास 'टेक्स्ट' रूप द्यावे. बिघडलेल्या नोंदी डबीवरून पुन्हा लिहाव्यात.

४) मुदतीची तारीख उलटणे : हा सर्वांत घातक दोष. ०८/०५/२०२६ म्हणजे ८ मे. अमेरिकी मांडणीचा संगणक ती ५ ऑगस्ट मानतो. परिणामी मुदत संपलेले औषध सुमारे तीन महिने विक्रीयोग्य भासते. २५/०५/२०२६ मात्र तारीख न होता मजकूर राहते. एकाच स्तंभात काही तारखा डाव्या व काही उजव्या कडेस टेकलेल्या दिसल्या, तर हाच दोष समजावा. संगणकाची प्रादेशिक मांडणी 'इंग्लिश (इंडिया)' ठेवावी, बाहेरची फाईल आयात करताना दिवस-महिना-वर्ष असा क्रम निवडावा, आणि महिना अक्षरांत दिसेल असे रूप देऊन तारखा डबीवरील छापाशी ताडाव्यात.

मोठ्या संशोधनसंस्थाही यातून सुटल्या नाहीत. 'मार्च१', 'सेप्ट१' या जनुकनामांना एक्सेल तारखा समजत असे. अखेर २०२० पर्यंत जनुक-नामकरण समितीने ती नावेच बदलली. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्तीत आरंभीची शून्ये गळू न देण्याची सोय 'ऑप्शन्स'मधील 'डेटा' विभागात आहे.

निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा, हे वैद्यांस नव्याने सांगणे नलगे. साठापत्रकासही तोच न्याय लागू : आधी रूप, मग नोंद.